संकष्टीचा चंद्र नागपूरला आधी, डोंबिवलीला नंतर: अक्षांश, रेखांश आणि घड्याळ

वर्धाकाठ
माझं माहेर नागपूरचं, सासर डोंबिवलीचं. परवा पौषातली संकष्टी झाली. रात्री आईचा फोन आला, "चंद्र दिसला गं, आरती झाली, आता पान वाढून घेते. तुझं आटोपलं का?" मी तेव्हा गच्चीत उभी होते. पूर्वेला आभाळ स्वच्छ, पण चंद्राचा पत्ता नाही. दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाचं कोष्टक असतं ते काढून पाहिलं, तर मुंबई आणि नागपूर यांच्या वेळांत २७ मिनिटांचा फरक. लेक आठवीत आहे. ती म्हणाली, "आई, घड्याळ दोन्हीकडे एकच, चंद्रही एकच, मग हा फरक आला कुठून?" मी म्हटलं, नागपूर पूर्वेला आहे म्हणून. त्यावर तिचा पुढचा प्रश्न, "ते कळलं, पण २७ च का? २० किंवा ४० का नाही?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. पृथ्वीगोलावरच्या आडव्या रेघा म्हणजे अक्षवृत्तं आणि उभ्या म्हणजे रेखावृत्तं, एवढंच लक्षात आहे. कोणी नीट समजावून सांगाल का? लेकीला वाचून दाखवणार आहे.

भूगोलमास्तर
ताई, "२७ च का" हा प्रश्न वर्गात एखाद्याच मुलाला पडतो. लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते, म्हणजे ३६० अंश. तासाला १५ अंश, आणि एक अंश फिरायला ४ मिनिटं. हे "एक अंश म्हणजे ४ मिनिटं" तिला वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

आता नकाशा घ्या. नागपूर साधारण ७९.०९ अंश पूर्व रेखांशावर, मुंबई ७२.८८ वर. फरक ६.२१ अंश. गुणिले ४ केलं की जवळजवळ २५ मिनिटं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेचं गाव उजेडात आधी येतं. सूर्य असो, चंद्र असो, तारा असो, मुंबईला ही २५ मिनिटं थांबावंच लागतं.

उरली दोन मिनिटं. त्यातलं जेमतेम एक मिनिट चंद्राचं स्वतःचं. तो रोज पूर्वेकडे सरकत असतो, म्हणून रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. नागपूर चंद्रासमोर येऊन गेल्यावर मुंबई समोर येईपर्यंत तोही थोडा पुढे गेलेला असतो. राहिलेलं मिनिट-सव्वा मिनिटाचं अंतर अक्षांशाचं, कारण नागपूर मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेलाही आहे. हा भाग महिन्यागणिक बदलतो. वर्षभराची कोष्टकं शेजारी ठेवून पाहा: मुंबई-नागपूर फरक कधी २१-२२ मिनिटांवर येतो, कधी तिशीला टेकतो. रेखांशाचा हिस्सा कायम तेवढाच, कमीजास्त करतो तो अक्षांश.

साधाप्रश्न
मास्तर, अक्षांशाने वेळ कशी बदलते ते समजलं नाही. अक्षांश म्हणजे उत्तर-दक्षिण ना? पृथ्वी तर पूर्वेकडे फिरते.

भूगोलमास्तर
बरोबर ठिकाणी अडलात. त्यासाठी अशी दोन गावं घेऊ की ज्यांचा रेखांश जवळपास एकच आहे. पुणे ७३.८६, नाशिक ७३.७९. म्हणजे रेखांशाचा फरक जेमतेम १६-१७ सेकंदांचा, तो सोडून द्या. पण पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आणि नाशिक २० अंशांवर.

मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, दोन्हीकडे सूर्य जवळजवळ एकदमच उगवतो. जूनमध्ये नाशिकला तो सुमारे ३ मिनिटं आधी उगवतो आणि ३ मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरात उलट. उन्हाळ्यात पृथ्वीचं उत्तर टोक सूर्याकडे कललेलं असतं, म्हणून जितकं उत्तरेला जाल तितका दिवस मोठा. दिवस मोठा करायचा तर सकाळी थोडा आधी सुरू व्हायला हवा आणि संध्याकाळी थोडा उशिरा संपायला हवा. ३ मिनिटांचं ते गणित.

सूर्य कुणाकडे आधी पोचतो ते रेखांश ठरवतो, आणि तो किती वेळ थांबतो ते अक्षांश. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून त्याचं चक्र उलट्या ऋतूत चालतं. हिवाळ्यातल्या संकष्टीला तो उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हा नागपूरला जास्तच लवकर दिसतो.

गणकचक्र
मास्तरांच्या उत्तराला पंचांगाची जोड देतो. आमच्या घरी तीन पिढ्या पंचांग वाचणारे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

आपली जुनी कालगणना अंशांशी इतकी सुरेख जुळलेली आहे की तासा-मिनिटांपेक्षा ती मुलांना लवकर कळावी. अहोरात्र म्हणजे ६० घटी. एक घटी म्हणजे ६० पळं. ३६० अंशांना ६० घटी, म्हणजे ६ अंशांना एक घटी आणि एका अंशाला १० पळं. ताई, तुमची डोंबिवली ७३.०९ वर आणि नागपूर ७९.०९ वर. फरक बरोबर ६ अंश! तुमच्या आणि तुमच्या आईच्या घरात नेमकी एक घटिका आहे. इतकं चपखल उदाहरण शोधून सापडलं नसतं.

शून्य रेखांश ग्रिनिचला नव्हता तेव्हा आपल्या सिद्धांतग्रंथांनी तो उज्जैनवरून नेला होता. लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र, मेरू अशी ती रेषा. ही लंका म्हणजे आजचा श्रीलंका देश नव्हे, विषुववृत्तावर कल्पिलेलं ठिकाण. या मध्यरेषेपासून आपलं गाव किती पूर्वेला वा पश्चिमेला, त्यावरून ग्रहगणितात करायची दुरुस्ती म्हणजे देशांतर.

अक्षांशासाठी आपल्याकडे पलभा होती. १२ अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे सरळ काठी, उन्हात उभा करायचा आणि विषुवदिनी ऐन मध्यान्ही त्याची सावली मोजायची. ती जितकी अंगुळं भरेल ती त्या गावाची पलभा. पुण्याची जवळजवळ बरोबर ४ येते, उज्जैनची पाचाहून थोडी जास्त. विषुववृत्तावर शून्य. कोनमापक नको, दुर्बीण नको, काठी आणि सावलीवरून आपण उत्तरेला किती आहोत ते कळतं. लेकीने त्रिकोणमिती शिकली की तिला सांगा, १२ गुणिले अक्षांशाचं टॅन म्हणजे पलभा.

जुना_गिरगावकर
घड्याळ दोन्हीकडे एकच, असं लेक म्हणाली ना? ते नेहमीच तसं नव्हतं. माझे आजोबा गिरगावातले. कोणी वेळ सांगितली की ते विचारायचे, "मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?" लहानपणी मला ती त्यांची लकब वाटायची. पुढे कळलं की त्यांचं निम्मं आयुष्य दोन घड्याळांत गेलं होतं.

रेल्वे आणि तारायंत्र आलं तेव्हा देशभर एक वेळ लागू लागली, आणि ती घेतली मद्रासच्या वेधशाळेची. मद्रास मुंबईच्या साडेसात अंश पूर्वेला, म्हणजे अर्धा तास पुढे. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरावरही मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला. लोकांनी तो मनावर घेतला नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून आजचा भारतीय स्टँडर्ड टाइम आला, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचा. त्याचा आधार साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो तो. मुंबईचा सूर्य त्याच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईने आपली ३९ मिनिटं सोडली नाहीत. कोलकात्याने स्वतःची वेळ १९४८ ला सोडली, मुंबई टाइम मात्र १९५५ पर्यंत टिकला.

मास्तरांचं सूत्र इथेही लागू पडतं. साडेब्याऐंशीतून ७२.८५ वजा करा, चाराने गुणा. ३९ मिनिटं येतात की नाही बघा. हा हट्ट निव्वळ अभिमानाचा होता असं मला वाटत नाही. ज्या माणसाचा दिवस उन्हावर चालतो त्याला सकाळी ३९ मिनिटं आधी उठवणं ही साधी गोष्ट नव्हे. पंचांगात वेळेपुढे "स्टँ. टा." दिसलं की मला अजून आजोबा आठवतात.

ब्रह्मपुत्रेकाठी
गिरगावकर काका, तुमच्या मुंबईचं दुःख आम्ही उलट्या बाजूने भोगतोय. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त ११ वर्षं गुवाहाटीत. इथला रेखांश पावणेब्याण्णव, म्हणजे इथला सूर्य सरकारी घड्याळाच्या ३७ मिनिटं पुढे. जूनमध्ये पहाटे साडेचारला ऊन खिडकीत. डिसेंबरात दुपारी साडेचारला दिवेलागण. मुलगा शाळेतून येऊन जेवतो तोवर खेळायचा उजेड संपत आलेला असतो. साताऱ्यात त्याची चुलत भावंडं त्या वेळी सहापर्यंत मैदानावर असतात. फोनवर ते ऐकून तो गप्प होतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आसामच्या चहामळ्यांनी यावर इंग्रजांच्या काळापासून स्वतःचा उपाय केला आहे. "बागान टाइम", घड्याळ एक तास पुढे. पानं खुडायचं काम उजेडात व्हावं म्हणून. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देशात दोन प्रमाणवेळा असाव्यात असा प्रस्तावही मांडला होता. माझं मत त्या बाजूने आहे.

जुना_गिरगावकर
तुमच्या मुलाचं वाचून जीव हळहळला. पण दोन वेळांच्या सीमेवर रेल्वेचं काय करायचं याचाही विचार हवा. रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला घड्याळ बदलावं लागेल, आणि सिग्नलच्या कामात तासाचा घोळ परवडणारा नाही. मला वाटतं शाळा-कचेऱ्यांच्या वेळा सूर्याप्रमाणे लवकर कराव्यात, घड्याळ एकच राहू द्यावं.

ब्रह्मपुत्रेकाठी
काका, एवढं जरी झालं तरी चालेल.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे प्रमाणवेळ हा रोजच्या जेवणाइतका घरगुती विषय आहे. पुण्याला आईबाबांना फोन करायचा तर हिवाळ्यात साडेदहा तास मिळवायचे, उन्हाळ्यात साडेनऊ. इथे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरात मागे आणतात, भारतात करत नाहीत. पहिल्या वर्षी हे लक्षात न राहिल्याने बाबांना त्यांच्या झोपेच्या वेळी उठवलं होतं.

पण खरी अडचण एकादशीची. इथे नवीन आलेले लोक पुण्याची दिनदर्शिका भिंतीवर लावतात आणि त्याच तारखेला उपास करतात. तिथी हा सूर्य-चंद्रातल्या कोनाचा हिशेब आहे. ती लागते त्या क्षणी साऱ्या पृथ्वीवर लागते. उपास मात्र आपापल्या सूर्योदयाला कोणती तिथी आहे त्यावर ठरतो. समजा हिवाळ्यात एकादशी बुधवारी सकाळी १० ला पुण्यात लागली. पुण्याचा बुधवारचा सूर्योदय तेव्हा होऊन गेला, म्हणून पुण्याचा उपास गुरुवारी. इथे त्या क्षणी मंगळवारची रात्र, साडेअकरा. आमचा बुधवारचा सूर्य उगवेल तेव्हा एकादशी चालूच असेल. म्हणून आमचा उपास बुधवारी, पुण्याच्या एक तारीख आधी. सासूबाईंना हे पटायला एक वर्ष लागलं. आता त्या स्वतः विचारतात, "तुमच्याकडे कधी?"

वर्धाकाठ
लेकीचा नवा प्रश्न: असं पूर्वेला पूर्वेला जात राहिलं तर नवी तारीख सगळ्यात आधी कुठे सुरू होते? आणि शून्य ग्रिनिचलाच का?

भूगोलमास्तर
दुसरा प्रश्न आधी घेतो. विषुववृत्त पृथ्वीने स्वतःच्या फिरण्याने आखून दिलं आहे, त्यामुळे अक्षांशाचा शून्य कुठे यावर भांडण नाही. रेखांशाला असा नैसर्गिक शून्य नाही, तो माणसांनी बसून ठरवावा लागतो. १८८४ साली वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रिनिच ठरलं, कारण तेव्हाची बरीचशी जहाजं ब्रिटिश नकाशे वापरत होती. फ्रान्सने मत दिलं नाही आणि १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ पाळली.

ग्रिनिचच्या बरोबर पाठीमागे १८० अंश, तिथे आंतरराष्ट्रीय वाररेषा. नवी तारीख तिथे सुरू होते. रेषा मात्र सरळ नाही, देशांच्या सोयीने वळवली आहे. सामोआने २०११ मध्ये रेषेची बाजू बदलली, तेव्हा तिथे ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही. २९ नंतर एकदम ३१. लेकीला विचारा, त्या दिवशी ज्याचा वाढदिवस असेल त्याने काय करायचं?

सह्यभटक्या
मी नकाशाच्या बाजूने लिहितो, कारण यातली एक चूक आम्हाला महागात पडली आहे. एका जुन्या वहीतून पाण्याच्या टाक्याची जागा उतरवून घेतली होती, अक्षांश १८ अंश ३० कला. मित्राने फोनमध्ये टाकताना १८.३० टाकलं. एका अंशाच्या ६० कला असतात, म्हणजे ३० कला हा अर्धा अंश, टाकायला हवं होतं १८.५०. फरक ०.२० अंशाचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, म्हणून आम्ही २२ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचलो. मे महिना, जवळचं पाणी संपत आलेलं. एका धनगरवाड्यावर माउलीने हंडाभर पाणी दिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच शिकवतो: कला लिहिल्यात की दशांश, ते आधी बघ.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे वाचायलाही हेच ज्ञान लागतं. ४७ क्रमांकाचा मोठा चौकोन ७२ ते ७६ पूर्व आणि १६ ते २० उत्तर. त्याचे एकेका अंशाचे १६ तुकडे, त्या प्रत्येकाचे पुन्हा १५-१५ कलांचे १६. पुणे शहर येतं ४७ एफ च्या १४ व्या तुकड्यात. क्रमांक वाचून डोळ्यांसमोर जागा उभी राहिली पाहिजे. दुसरं म्हणजे, जुन्या नकाशांनी पृथ्वीचा जो आकार धरला होता तो आणि जीपीएसने धरलेला एक नाही. जुन्या नकाशावरचे आकडे जसेच्या तसे फोनमध्ये टाकले तर काही वेळा शेकडो मीटरचा फरक पडतो. कड्याच्या टोकाशी हे जिवावर बेतू शकतं.

आणि जीपीएससुद्धा शेवटी वेळच मोजतं. उपग्रहावरून निघालेला संदेश किती वेळात पोचला त्यावरून अंतर. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ३०० मीटर इकडचे तिकडे.

वणाकाठची
नकाशांचा विषय निघाला आहे तर माझ्या गावाचं सांगू द्या. मी हिंगणघाटची. भारत मोजायला १८०२ मध्ये मद्रासहून निघालेला विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये आमच्या गावी वारला. त्याचं थडगं इथेच आहे. कन्याकुमारीकडून ७८ अंश रेखांशाच्या आसपासने साखळ्या टाकत, त्रिकोण जोडत तो विदर्भापर्यंत आला होता. त्याच्या मागे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेलं. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. लॅम्बटनचं नाव आमच्या गावातही फार थोड्यांना ठाऊक आहे. वर्धेहून नागपूरला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून एकदा यावं.

गणकचक्र
ताई, एक प्रयोग सुचवतो. डोंबिवलीत तुम्ही आणि नागपूरला आई, एकाच रविवारी करा. सपाट जमिनीवर १०० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. तिच्याभोवती ८५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला टेकेल ती वेळ लिहा, दुपारी बाहेर जाताना टेकेल ती लिहा. दोन्हींच्या मधोमध तुमच्या गावची खरी मध्यान्ह. सावली सर्वांत आखूड कधी झाली ते नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, कारण तेव्हा ती बराच वेळ तेवढीच राहते. म्हणून हा वर्तुळाचा जुना मार्ग. दोन खुणा जोडल्यात की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. सर्वांत आखूड सावलीची लांबी तेवढी मोजून ठेवा.

वर्धाकाठ
४ फेब्रुवारीला केलं! काठी म्हणून नळाच्या प्लास्टिक पाइपाचा तुकडा घेतला, बादलीत वाळू भरून रोवला. ओळंबा म्हणून दोऱ्याला किल्ली. वर्तुळाचं माप वाळूच्या पातळीला यावं म्हणून बादली फरशीच्या खळग्यात बसवली, त्यातच पाऊण तास गेला. तिकडे आईने अंगणात खडूने वर्तुळ काढलं, शेजारच्या मुलाने पाइप धरून दिला. ती ६८ वर्षांची आहे, उन्हात टोपी घालून स्टुलावर बसून होती. दर दहा मिनिटांनी तिचा फोन: "आली का तुझी आत?"

डोंबिवली: आत ११.३४, बाहेर २.१०. मध्य १२.५२.
नागपूर: आत ११.२५, बाहेर १.२९. मध्य १२.२७.
फरक २५ मिनिटं. आखूड सावली डोंबिवलीला ७१ सेंमी, नागपूरला ७६.

पुढचं लेकीने केलं. २५ भागिले ४ म्हणजे सव्वासहा अंश. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर, हे मास्तरांनी निरोपातून सांगितलं होतं. म्हणजे पूर्वेकडे साधारण ६५५. सावल्यांवरून कोन काढले तर ३५.४ आणि ३७.२ अंश, फरक १.८, तो उत्तरेकडचा, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. पायथागोरस लावून सरळ अंतर ६८५ आलं. नकाशावर पाहिलं तर ६६० च्या आसपास. एका मिनिटाची चूक आमच्याकडूनच झाली असणार. आईचं म्हणणं, तिची नव्हे.

अंगणातलं खडूचं वर्तुळ तिने पुसलेलं नाही, रांगोळी त्याच्या बाहेरून काढते. आता ती विचारते आहे, काठी ठेवून देऊ की अजून काही करायचंय?

भूगोलमास्तर
आईंना सांगा, ठेवून द्या, मे महिन्यात लागणार आहे. डोंबिवलीला १६-१७ मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते. तुमच्याकडे साधारण १२.३४ ला, आईंकडे १२.११ च्या आसपास. जुलैत परत एकदा येतो, पण तेव्हा ढग असतात. दोन्ही तारखांमधले नऊ-दहा दिवस म्हणजे सूर्याला ते दोन अंश चढायला लागणारा वेळ. तारखा वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी इथे कळवा.